पडद्यामागचं लोखंड

लग्नाच्या हॉलसाठी किंवा गणपती मंडळाच्या मंडपासाठी ‘बारा बाय आठची वॉल’ सांगितली की टेम्पोतून स्क्रीन उतरत नाही, चाकं लावलेल्या काळ्या पेट्या उतरतात. त्यांत चौकटी उभ्या लावून ठेवलेल्या असतात. एकेक चौकट ५०० मिलिमीटर लांब-रुंद, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची आणि साधारण आठ किलो वजनाची असते. या धंद्यात तिला कॅबिनेट म्हणतात. अशी सात कॅबिनेटं आडवी आणि पाच उभी, म्हणजे एकूण ३५ जोडली की साडेतीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पडदा तयार होतो. फुटांत मोजला तर तो बारा बाय आठच्या जवळ जातो. वजन २८० किलो. केबली आणि वरची लोखंडी पट्टी धरली तर तीनशेच्या पुढे.

गिऱ्हाईक चौकशी करतं ती पिचची. पी-थ्री आहे की पी-फोर? पिच म्हणजे दोन पिक्सेलांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ३.९१ पिचच्या कॅबिनेटमध्ये आडवे १२८ आणि उभे १२८ पिक्सेल बसतात. जितके मिलिमीटर पिच, तितके मीटर तरी लांबून पाहावं, असा एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे हॉलमध्ये पी-थ्री चालते आणि महामार्गावर पी-टेनही पुरते. ही माहिती आता कोणताही डेकोरेटर सांगतो.

माझ्या मते मोठ्या स्क्रीनबद्दल पहिल्यांदा विचारायची गोष्ट वेगळीच आहे. हे वजन कोणत्या वाटेने जमिनीत जाणार? आणि मधला एखादा तुकडा बंद पडला, तर दुरुस्त करणारा माणूस तिथवर कुठून पोचणार? स्क्रीन बसवण्याच्या जेवढ्या पद्धती आहेत, त्या या दोन वाटा शोधतानाच तयार झाल्या आहेत.

फिरत्या कार्यक्रमांना तिसरी अडचण असते, ती वेळेची. निळ्या एलईडीचा तेजस्वी दिवा जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये बाजारात येण्याजोगा केला. लाल आणि हिरव्याला निळ्याची जोड मिळाल्यावर एलईडीतून सगळे रंग दाखवता येऊ लागले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९७ मध्ये, आयर्लंडच्या यू-टू या बँडने आपल्या ‘पॉपमार्ट’ दौऱ्यात पन्नास मीटरांच्या आसपास रुंदीची एलईडी स्क्रीन गावोगावी फिरवली. ती प्रत्येक शहरात उभी करायची, उतरवायची आणि ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी न्यायची होती. आज मंडपात दिसणारी हलकी, झटपट जुळणाऱ्या खिट्ट्यांची कॅबिनेटं याच प्रकारच्या गरजेची वारसदार आहेत.

भाड्याची वॉल दोन प्रकारे उभी राहते. खालून वर रचत न्यायची, किंवा वरून लटकवायची. दहीहंडीच्या थरांत सगळ्यात जास्त भार तळातल्या गोविंदांवर असतो, तसा रचलेल्या वॉलमध्ये तो तळाच्या ओळीवर असतो. त्यामुळे जाणता कारागीर पहिल्या ओळीवर जरा जास्तच वेळ घालवतो. पाणसळ ठेवून, खालचे स्क्रू फिरवून ती तंतोतंत सपाट करतो. त्या ओळीत एका कॅबिनेटच्या रुंदीमागे अर्धा मिलिमीटर तिरकेपणा राहिला, तर पाच मीटर उंचीवर पडदा पाच मिलिमीटर कलतो. म्हणजे एका पिक्सेलहून जास्त. कॅबिनेटांच्या सांध्यांत काळ्या किंवा पांढऱ्या रेघा दिसतात त्यामागे पुष्कळदा पॅनेलचा दोष नसतो. स्टेजची फळी दबलेली असते.

रचलेल्या वॉलच्या पाठीमागे ट्रसच्या, म्हणजे नळ्या जोडून केलेल्या सांगाड्याच्या, शिड्या उभ्या करतात आणि त्यांना मागच्या बाजूला लांब पाय देतात. बंदिस्त हॉलमध्ये एवढं पुरतं. उघड्या मैदानावर वाऱ्याचा हिशेब करावा लागतो, आणि तो करणं अवघड नाही. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येईल ते कळतं. वळवाच्या पावसाआधी ताशी ५४ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला १५ मीटरचा झोत येणं आपल्याकडे नवलाचं नाही. आपल्या बारा बाय आठच्या वॉलवर तो सुमारे १२० किलोंचा आडवा रेटा देतो. वॉल एक मीटर उंच स्टेजवर असेल, तर हा रेटा जमिनीपासून सव्वादोन मीटरांवर बसतो. वारा मागून आला आणि वॉल प्रेक्षकांच्या अंगावर झुकू लागली, तर तिला धरून ठेवायला मागच्या पायांवर, पडद्यापासून दीड मीटरांवर, १८० किलो वजन हवं. तेही केवळ बरोबरी साधण्यापुरतं. सुरक्षिततेसाठी त्याच्या दीडपट, दुप्पट धरावं लागतं. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरलं की दोनशे किलो होतात, म्हणून मैदानावर पाण्याची पिंपं ठेवलेली दिसतात. वाळूची चार पोती टाकून भागवणारेही दिसतात, आणि बहुतेक संध्याकाळी त्यांचं निभावतंही. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पोत्यांची संख्या कुणी चौपट केलेली नसते.

लटकवलेल्या वॉलचं गणित उलटं चालतं. इथे सगळ्यात वरची ओळ सर्वांत जास्त भार सोसते. काम वरून खाली होतं. ट्रसला आडवी पट्टी बांधायची, तिला पहिली ओळ अडकवायची, साखळीच्या मोटरने थोडं वर उचलायचं, खाली दुसरी ओळ जोडायची, पुन्हा उचलायचं. एकाखाली एक किती कॅबिनेटं लटकवता येतील याची मर्यादा बनवणारी कंपनी ठरवून देते, कारण सगळा ताण वरच्या खिट्ट्यांवर येतो. जमिनीवर दहा ओळी रचता येतात म्हणून दहा लटकवताही येतील असं धरून चालणं धोक्याचं.

आणखी एक फसवी गोष्ट कोनाची. वजन दोन पट्ट्यांवर टांगलं की प्रत्येकीवर निम्मा भार येतो, असं सहज वाटतं. पट्ट्या सरळ उभ्या असतील तर ते खरंच आहे. त्या फाकवल्या की ताण वाढत जातो आणि दोघींमधला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक पट्टीवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. छत बुटकं असलं की पट्ट्या आपोआप फाकतात. जुन्या सभागृहांत हे हटकून होतं, आणि तिथल्या छताने किती भार सोसावा याचा कागद बहुधा कुणाकडे नसतो. अशा ठिकाणी छताला हात न लावता जमिनीवर चार खांबांची ट्रसची कमान उभी करून तिलाच वॉल टांगावी. जागा अडते, पैसे जास्त लागतात, पण वजन कुठे जातंय ते डोळ्यांना दिसतं.

हाँगकाँगच्या कोलिझियममध्ये २८ जुलै २०२२ च्या रात्री ‘मिरर’ या गायकवृंदाचा कार्यक्रम रंगात आला असताना वर टांगलेली एक एलईडी स्क्रीन खाली नाचणाऱ्या कलाकारांवर कोसळली. दोन नर्तक जखमी झाले. त्यांतल्या एकाच्या मानेच्या मणक्याला गंभीर इजा झाली. सरकारी चौकशीत आढळलं, की स्क्रीन पेलणारा पोलादी दोर धातूच्या थकव्याने तुटला होता. ही स्क्रीन कार्यक्रमात वरखाली सरकत असे. तारांचा दोर वारंवार वाकला आणि सरळ झाला की त्यातली एकेक तार आतून झिजत जाते, बाहेरून फारसं काही दिसत नाही. उपकरणांची वजनंही कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिली गेली होती. स्थिर टांगलेल्या आणि हलणाऱ्या स्क्रीनसाठी निराळं सामान आणि निराळी तपासणी लागते ती यामुळे. मुख्य आधार सुटला तर वजन झेलायला ढिली, वेगळी ‘सेफ्टी’ तारही हवी. ती मुख्य आधार ज्या बिंदूला अडकवलाय त्याच बिंदूला अडकवणारे महाभाग असतात. तो बिंदू निसटला की दोन्ही जाणार.

कायमच्या जाहिरात फलकांकडे वळलं की वाऱ्याचं राज्य पूर्ण प्रस्थापित होतं. भारतात यासाठी आयएस ८७५ या मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात शहरागणिक वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. मुंबई आणि नागपूरला सेकंदाला ४४ मीटर, पुण्याला ३९. उंची आणि आसपासची इमारतींची दाटी यांप्रमाणे तो पुढे कमीजास्त करतात. वरच्याच सूत्रात ४४ घातले, तर दर चौरस मीटरवर सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोंचा दाब येतो. मुंबई महापालिकेने फलकाला घातलेली मर्यादा ४० बाय ४० फुटांची. एवढ्या पृष्ठभागावर साडेसतरा टनांच्या आसपास रेटा येईल.

घाटकोपरच्या छेडानगरमध्ये १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. १७ माणसं त्याखाली गेली. लांबी-रुंदी तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होतं, म्हणजे रेटाही नऊपट. फलक त्याच प्रमाणात उंच उभा केला तर तो रेटा तिप्पट उंचीवरून काम करतो, आणि पायाला उखडू पाहणारा जोर सत्तावीसपट होतो. दुर्घटनेनंतर बोट ठेवलं गेलं ते कमकुवत पायावरच. हा फलक डिजिटल नव्हता, पण त्याच जागी एलईडी स्क्रीन असती तर वाऱ्याला काही फरक पडला नसता. उलट एका बाबतीत एलईडी जास्त अवघड आहे. वादळाचा इशारा आला की फ्लेक्स काढून घेता येतो, मग उघड्या सांगाड्यातून वारा निघून जातो. एलईडीची बंद कॅबिनेटं अशी तासाभरात उतरवता येत नाहीत.

रस्त्याकडेच्या एकखांबी फलकाला युनिपोल म्हणतात. पोलादी नळीचा जाड खांब, जमिनीत काँक्रीटचा पाया आणि त्यात रोवलेले बोल्ट. स्क्रीन खांबाच्या बरोबर मध्यावर असेल तर खांबाला फक्त वाकण्याशी झुंजायचं असतं. जागेअभावी ती झेंड्यासारखी एका बाजूला काढली, तर वारा खांबाला पिळतोही. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही फलक सारखेच दिसतात, पायाचं ड्रॉइंग मात्र वेगळं असावं लागतं. उंचावरच्या स्क्रीनला किंचित खाली कलवतात, कारण एलईडीचा प्रकाश समोरच्या दिशेला सर्वांत प्रखर असतो आणि बघणारे खाली रस्त्यावर असतात. बाहेरच्या स्क्रीनची दीप्ती पाच-सहा हजार निटपर्यंत असते, हॉलमधलीला हजारच्या आत भागतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या स्क्रीनवर उतरतं ऊन थेट पडतं आणि चित्र फिकं होतं. जागा निवडतानाच दिशा पाहिली तर पुढची पुष्कळ वीज वाचते.

इमारतीच्या दर्शनी भागावर स्क्रीन लावताना सर्वसाधारण चूक होते ती भिंतीवर विश्वास ठेवण्याची. आपल्याकडच्या आरसीसी इमारतींत विटांची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत ही फक्त भरणी असते, भार नेतात ते खांब आणि तुळया. त्यामुळे स्क्रीनचा सांगाडा स्लॅबच्या कडांना आणि खांबांना धरायला हवा. काँक्रीटमध्ये भोक पाडून, धूळ फुंकून काढून, रसायन भरून बसवलेला केमिकल अँकर दमदार पकड घेतो. पोकळ विटेत त्याचा काही उपयोग नाही. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत प्रकरण आणखी वेगळं, कारण तिथे भिंतीच भार वाहत असतात आणि त्या आधीच थकलेल्या असतात.

स्क्रीनने खिडक्या झाकल्या तर आतल्या माणसांचं काय, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सोडवावा लागला. तिथला नॅसडॅकचा सात मजली गोलाकार पडदा २००० सालच्या सुरुवातीला सुरू झाला, आणि त्यात मागच्या कार्यालयांच्या खिडक्यांसाठी चौकोनी भोकं ठेवली आहेत. आता काचेच्या इमारतींसाठी जाळीदार स्क्रीन मिळतात. पट्ट्यांवर दिवे आणि मध्ये मोकळी जागा. आतून बाहेरचं दिसतं, वजन कमी आणि वारा आरपार. या कल्पनेचं टोक लास वेगासमध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या ‘स्फिअर’च्या बाहेरच्या कवचावर सुमारे १२ लाख दिव्यांच्या चकत्या आहेत, एकमेकींपासून वीस सेंटिमीटरांवर. प्रत्येक चकतीत ४८ एलईडी. सलग पडदा तिथे नाहीच, आहे ती पोलादी जाळी आणि तिच्यावरचे ठिपके. दुरून पाहणाऱ्या डोळ्याला एवढं पुरतं.

आतली गोष्ट याच्या उलट. स्फिअरच्या आतला पडदा प्रेक्षकांना जवळून, सलग आणि वक्र हवा होता, आणि ध्वनिवर्धक त्याच्या मागे बसवायचे होते. म्हणून तो बारीक छिद्रांचा केला, आवाज त्यातून पुढे येतो. सिनेमागृहांना हीच अडचण आधीपासून भेडसावत होती. कापडी पडद्याला छिद्रं असतात आणि पात्राचा आवाज त्याच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. सोलमध्ये २०१७ साली सॅमसंगचा एलईडी सिनेमा पडदा लागला तेव्हा तो सलग होता, त्यामुळे ध्वनिवर्धकांची सगळी मांडणी बदलावी लागली.

उष्णता हा बाहेरच्या स्क्रीनचा दुसरा शत्रू. विदर्भातल्या मे महिन्यात पहाटे २५ अंशांवर असलेलं लोखंड दुपारी उन्हात ६५ अंशांवर जाऊ शकतं. चाळीस अंशांच्या या फरकात दहा मीटर लांबीचं पोलाद पावणेपाच मिलिमीटर वाढतं आणि तेवढंच अ‍ॅल्युमिनियम नऊ मिलिमीटरांहून जास्त. पोलादी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमची कॅबिनेटं घट्ट आवळून टाकली, तर एकाने दुसऱ्याला रोज ताणायचं. म्हणून बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवतात. कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर भर पडते ती खाऱ्या हवेची. तिथे रंग फासलेलं लोखंड पुरत नाही, गरम जस्तात बुडवून काढलेलं लागतं.

राहिली माणसाची वाट. कॅबिनेट मागून उघडणार असेल तर पाठीमागे निदान साठ-सत्तर सेंटिमीटरांची चालवाट हवी, उंच फलकाला प्रत्येक मजल्यावर एक. हवा खेळती राहते, काम सावलीत होतं, पण सांगाडा जाड आणि जड होतो. समोरून उघडणारी स्क्रीन भिंतीला चिकटून बसते. नियंत्रण कक्ष, बँका, मेट्रो स्थानकं यांत हीच वापरतात. मॉड्यूल, म्हणजे कॅबिनेटवरचा दिव्यांचा सुटा तुकडा, चुंबकाने चिकटलेलं असतं आणि हवा खेचणारं उपकरण लावून ते पुढे ओढून काढतात. पिच सव्वा मिलिमीटरचं असेल तर दोन मॉड्यूलांमधली मिलिमीटरच्या दहाव्या भागाची फटही डोळ्यात खुपते, म्हणून मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला पुढे-मागे सरकवणारे स्क्रू असतात. उंच इमारतीवर मात्र समोरून दुरुस्ती म्हणजे दर वेळी क्रेन किंवा झुला. घेताना स्वस्त पडलेली स्क्रीन इथे आपली किंमत वसूल करते.

स्टेडियममध्ये या सगळ्यात खेळाचे नियम मिसळतात. क्रिकेटमध्ये सीमारेषेचा दोर जाहिरातींच्या फलकांपासून किमान २.७४ मीटर आत असावा लागतो. तरी क्षेत्ररक्षक घसरत येतोच, म्हणून मैदानाकडेच्या एलईडी फलकांच्या वरच्या कडेला मऊ गादी असते. अमेरिकेत टेक्सासच्या आर्लिंग्टनमधल्या डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाच्या स्टेडियममध्ये २००९ मध्ये छताला जवळपास ४९ मीटर लांबीच्या स्क्रीन टांगल्या, मैदानापासून २७ मीटर उंचीवर. नियमात बसणारी उंची होती. तरीही तिथल्या पहिल्याच सराव सामन्यात एका खेळाडूची किक थेट स्क्रीनवर आदळली आणि डाव पुन्हा खेळावा लागला.

निवडणुकीत फिरणारा प्रचाररथ हा यातला सर्वांत दुर्लक्षित प्रकार. छोट्या टेम्पोच्या पाठीवर स्क्रीन, शेजारी जनरेटर. ताशी साठने गाडी पळाली तर सहा चौरस मीटरच्या आडव्या धरलेल्या स्क्रीनवर शंभर किलोंचा रेटा येतो. त्यामुळे हायड्रॉलिकवर वर जाणारी, फिरणारी स्क्रीन गाडी थांबल्यावर, चारी जॅक जमिनीला टेकल्यावरच उचलायची असते. वाऱ्याहून जास्त नुकसान करतात ते खड्डे. स्क्रू सैल होतात, आतल्या चपट्या केबली निसटतात आणि पडद्यावरच्या नेत्याचा अर्धा चेहरा हिरवा होतो.

मॉड्यूल बदलतानाही एक गंमत आहे. एलईडी बनल्यावर रंग आणि दीप्तीप्रमाणे वेगवेगळ्या गटांत निवडले जातात, त्यामुळे दोन खेपांचा लाल अगदी सारखा नसतो. वर जुनी मॉड्यूलं वापराने मंद झालेली असतात. मधोमध नवं बसवलं तर ते ठिगळासारखं चमकतं. म्हणून स्क्रीन घेतानाच त्याच खेपेची जादा मॉड्यूलं मागून घ्यावीत. ती संपली असतील, तर अनुभवी तंत्रज्ञ पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं जुनं मॉड्यूल काढून मध्यभागी लावतो आणि नवं कोपऱ्यात बसवतो.